अंगणातून दिसेल तेवढं

आमच्या घरात गाऱ्हाणं करायची सोय नाही. गाऱ्हाणं केलं की वस्तू येते.

पाठ दुखते म्हटलं, नवी गादी आली. स्वयंपाकघरात अंधार वाटतो म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी असला लखलखीत दिवा लागला की कांदा चिरताना मला गॉगल घालावासा वाटला. माझे यजमान फ्रिज दुरुस्त करतात. त्या धंद्याची रीतच अशी की गिऱ्हाइकानं काय बिघडलंय ते सांगायचं, यांनी तो भाग बदलायचा, आणि फ्रिज पुन्हा गार. माणसाचंही तसंच असतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटतं. आता असल्या नवऱ्याबद्दल कुणापाशी बोलणार? ज्यांचे नवरे आठवडाआठवडा तोंड उघडत नाहीत त्या शेजारणी माझ्याकडे बघून सुस्कारे सोडतात. "नशीब काढलंस बाई," म्हणतात. मी मान डोलावते. डोलावून डोलावून मान दुखायला लागली आहे, पण ते मी घरी बोलत नाही. पट्टा येईल.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. पुढे चष्मे, आणि मागच्या कोपऱ्यात दुर्बिणी. मालकांनी हौसेनं ठेवल्या खऱ्या, पण त्यातलं त्यांना ओ का ठो कळत नाही, म्हणून तो कोपरा माझा. लोक येतात, खोक्यावरचा आकडा वाचतात, ‘पाचशे पट मोठं दिसेल’, की लगेच पाघळतात. मी त्यांना तिथल्या तिथे झाडते. "अहो, पाचशे पट मोठं काय दिसणार? धुकं? आकडा सोडा, नळीचं तोंड किती रुंद आहे ते बघा. जेवढं तोंड मोठं तेवढा उजेड आत. बाकी सगळी खोक्याची बडबड." मग मी नळीला बोटानं टिचकी मारून दाखवते. आत दिसणारं चित्र थरथरतं, ते लगेच थांबलं पाहिजे. तुमचं नाव सांगून होईपर्यंत थरथरत राहिलं तर ती दुर्बीण नव्हे, पाळणा. मालक म्हणतात, "बाई, तुम्ही गिऱ्हाईक पळवता." पण पळालेलं गिऱ्हाईक चार ठिकाणी हिंडून परत येतं आणि मलाच विचारतं. दुर्बिणीच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीच्या बाबतीत मी दिवसभर खोटंच बोलत असते.

माझी स्वतःची दुर्बीण नव्हती. लोकांना नवल वाटायचं. पण स्वतःची घेतली असती तर अंधार पडल्यावर दुकानाच्या गच्चीवर ‘माल तपासत’ थांबायला निमित्त काय उरलं असतं?

आणि मग ती डोंगरावरची नोकरी आली. तिथे एक वेधशाळा आहे, घरापासून दिवसभराच्या प्रवासावर. लोक आकाश बघायला येतात, त्यांना दाखवायच्या लहान दुर्बिणी सांभाळायला, तपासायला माणूस हवं होतं. राहायला एक खोली. महिन्यातून एकदा घरी येता येईल. तिथल्या प्रमुख बाई फोनवर माझ्याशी अर्धा तास बोलल्या, प्रश्न विचारले, आणि शेवटी म्हणाल्या, "या तुम्ही. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर मी दुसरं माणूस बघते."

मी घरी सांगितलं. भांडण होईल म्हणून पदर खोचून तयार होते. पण आमच्याकडे भांडण कुठलं व्हायला! हे माझ्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते. एवढंच म्हणाले, "का गं?"

खरं कारण तोंडाशी आलं होतं. मला एक खोली हवी होती, जिचं दार मी आतून लावीन. जिथे सकाळी उठल्यावर ‘झोप लागली का’ असं कुणी विचारणार नाही. पण समोर पाणी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे कसं सांगायचं? मी म्हणाले, "अहो, इथल्या अंगणातून मला काय दिसतं? साध्या डोळ्यांनी चार तारे. घरात चांगली दुर्बीण असती तर मी कशाला गेले असते?"

"बरं," ते म्हणाले.

मला वाटलं, विषय संपला. हा माणूस ‘बरं’ म्हणतो तेव्हा विषय सुरू होतो, हे एवढा संसार केल्यावर तरी मला कळायला हवं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी दुकानात एक मिशीवाला आला. उंच, भारदस्त, आणि मिशी अशी की तिच्यासाठी वेगळा कंगवा ठेवत असावा. म्हणाला, दुर्बीण हवी, पहिलीच, बायकोसाठी.

"बायकोला घेऊन या," मी म्हटलं. "ज्याचा डोळा त्यानं बघावं."

"ती कुठे येणार!" तो म्हणाला. "ती आपली घरीच. अंगणातूनच बघणार. अंगणातून जेवढं दिसेल तेवढं चांगलं दिसलं पाहिजे, म्हणजे तिचा जीव रमेल."

मला असा राग आला! त्याचा नाही, जगाचा. कुठल्या तरी घरात ती बाई बसली असेल, भिंतीच्या आतलं आभाळ बघत, आणि हा तिचा जीव रमवायला निघालाय. "बिचारी," मी तोंडावरच म्हणाले. मिशीवाला ओशाळून हसला. मग मी मनावरच घेतलं. म्हटलं, हिला बाहेर पडता येत नाही ना, मग निदान अशी देते की अंगणातून शनीची कडी हाताला लागावी. आरशाची दुर्बीण काढली, रुंद तोंडाची, लाकडी बैठकीवर फिरणारी. तिपाईवाल्या नाजूक दुर्बिणी मी त्याला दाखवल्यासुद्धा नाहीत. नळी फिरवायची गोल घुंडी हलवून पाहिली, जराही खेळ नव्हता. दूरच्या टॉवरवर लावली, कडा चाकूनं कापल्यासारख्या. बैठक वळताना किंचित अडखळत होती, तर चष्म्याच्या जुन्या डबीचं निळं मखमली अस्तर कापून मी ते सांध्यात चिकटवलं. मग लोण्यासारखी फिरायला लागली. संध्याकाळी तिला गच्चीवर नेऊन ताऱ्यावर तपासलं आणि दुसऱ्या दिवशी मिशीवाल्याच्या हवाली केलं. वर बजावलं, "तिला सांगा, काही अडलं तर मला विचार. लाजू नकोस म्हणावं."

"सांगतो," मिशीवाला म्हणाला. त्याचं लक्ष सारखं दाराकडे होतं.

शनिवारी मी दुकानातून लवकर निघाले. वाटेत मनातल्या मनात डोंगरावर फोन लावून झाला होता. ‘येते’ म्हणून झालं होतं. घरी पोचले तर आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, मिशीवाला चहा पीत उभा. शेजारी माझ्या सासूबाई, नवी साडी नेसून. आणि मधोमध, टेबलावर, ती.

मी नळी बघून ओळखलं नाही. सांध्यातलं निळं मखमल दिसलं तेव्हा ओळखलं.

"बाई, ओळखलंत का?" मिशीवाला खो खो हसत म्हणाला. "फ्रिज दुरुस्तीला देतो मी साहेबांकडे. ते म्हणाले, दुकानात मी गेलो तर ती ओळखेल, तू जा. काय बोलणी खाल्ली मी तुमच्याकडून!"

"अगं, तूच पारखून घेतलीस," यजमान म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मला बघवेना. "मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचा भरवसा कशाला? हिच्या हातून पास झालेली म्हणजे खोट निघायचा प्रश्नच नाही. आता तुला कुठे जायला नको."

बिचारी म्हणजे मी. लाजू नकोस म्हणून मी मलाच निरोप पाठवला होता. आपल्याच हातानं आपल्याला कोंडलं, तेही मखमल लावून.

"गप्प का?" सासूबाई म्हणाल्या. "दुसरी असती तर उड्या मारल्या असत्या तिनं."

"तिला आधी बघू दे, आई," हे म्हणाले. "बघितल्याशिवाय ती बोलायची नाही. तिचं तसं असतं. चल गं, अंधार पडायला लागलाय. पसंत पडली की त्या वेधशाळेच्या बाईंना कळवून टाकू, त्यासुद्धा खोळंबल्या असतील."

दुर्बीण सकाळपासून त्या स्वयंपाकघरात होती, शेगडीच्या उबेत. मी नळीवर हात ठेवला, कोमट लागली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आरसा गरम असला आणि बाहेर गारवा असला की नळीतली हवा आतल्या आत उकळत राहते. उत्तमातली उत्तम दुर्बीण अशा वेळी भिकार वाटते. म्हणून ती आधी बाहेर नेऊन ठेवायची, गार होऊ द्यायची, आणि मग डोळा लावायचा. दुकानात मी हे प्रत्येकाला घोकून घेते. एक बाई तर मला ‘गार होऊ द्या’ याच नावानं हाक मारते.

त्या संध्याकाळी मी म्हणाले, "चला, लावा लगेच."

आमचं अंगण म्हणजे चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद. तीन बाजूंना भिंती, चौथीला घर. वर चौकोनी आभाळ. यांनी आणि मिशीवाल्यानं दुर्बीण बाळंतिणीला आणावं तशी जपून आणली आणि मधोमध ठेवली. शेजाऱ्यांच्या टाकीच्या वर शनी आला होता. मी गुडघ्यांवर बसले, नळी वळवली. अडखळली असती तर बरं झालं असतं. लोण्यासारखी फिरली.

टिचकी मारली. चित्र हललं, थांबलं. घुंडी फिरवली. कुठे खेळ नाही. आणि आत शनी गदगदा उकळत होता. कडी नाही की काही नाही, नुसता पिवळा गोळा, भाताच्या पेजेसारखा खदखदणारा.

"कशी आहे?" यांनी विचारलं.

"बघा तुम्हीच," मी म्हणाले.

त्यांनी बघितलं. मिशीवाल्यानं बघितलं. दोघांचेही चेहरे उतरले.

"हे असंच दिसतं का?" यजमान म्हणाले.

"नाही. कडी दिसायला हवी. स्वच्छ." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "वाटेत हादरली असेल. आरसा गेला असेल."

"मी मांडीवर घेऊन आलो हो," मिशीवाला कळवळून म्हणाला. "रिक्षावाल्याला सारखा सांगत होतो, हळू चालव. एक खड्डा लागला, पण तो काही मोठा नव्हता. माझ्यामुळेच झालं म्हणायचं." एवढा आडदांड माणूस, रडवेला झाला. मला त्याच्याकडे बघवेना. दुर्बिणीबद्दल खोटं बोलायची माझी पहिलीच वेळ होती, आणि ते इतक्या झटकन पटावं याचीच मला लाज वाटली. पण त्या लाजेच्या खाली, खरं सांगते, मला आनंद होत होता. सुटले. आता काही म्हणायची गरज नाही. दुर्बीण भिकार, अंगण भिकार, मी चालले.

"एवढंच ना?" यजमान उठून उभे राहिले आणि हात झटकले. "आरसा गेला तर आरसा बदलू. नाहीतर दुसरी आणू. तीही नाही चालली तर तिसरी. तू म्हणशील ती. त्या बाईंना सांग, माझं येणं होत नाही. आपण बघू ना इथलं."

माझ्या डोळ्यांसमोर दुर्बिणी यायला लागल्या, एकीमागून एक. प्रत्येकीला मी नाव ठेवतेय, प्रत्येक वेळी हे ‘बरं’ म्हणतायत. अंगण दुर्बिणींनी भरलंय आणि मी मध्ये बसलेय, म्हातारी होऊन.

"अगंबाई!" सासूबाई ओरडल्या.

आमचं बोलणं चाललेलं असताना त्या केव्हा खुर्ची ओढून दुर्बिणीपाशी बसल्या होत्या, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एक डोळा गच्च मिटलेला, दुसरा आयपीसला चिकटवलेला.

"थांबलं बघ उकळायचं! मघाशी नुसता गिचका होता. आता कडी दिसतेय. गोल, भोवती, अधांतरी! अरे, बघ, बघ!"

हे वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मग मिशीवाला वाकला आणि म्हणाला, "आई शप्पथ!" आणि खड्ड्याच्या पापातून सुटल्यासारखा तिथेच खाली बसला.

नळीवर हात ठेवायची मला गरज नव्हती. एवढ्या वेळात बाहेरच्या हवेनं गार झाली होती, दुसरं काय. तरी मी बघितलं. शनी वर होता, कडी त्याला न चिकटता भोवती उभी होती, मधली बारीक काळी फटसुद्धा दिसत होती. शेजारच्या ताऱ्यावर नेऊन मी फोकस बिघडवला. तारा फुगला, त्याची वर्तुळं झाली, एकात एक, मधोमध काळा ठिपका. उलट्या बाजूला बिघडवला, तरी वर्तुळं तशीच्या तशी. आरसा खराब असता तर ती इकडे एक आणि तिकडे दुसरी दिसली असती. माझ्या हातून आजवर इतकी चांगली दुर्बीण गेली नव्हती.

"आता कशी आहे?" यजमानांनी विचारलं. आणि हसून म्हणाले, "खरं सांग हं. दुर्बिणीबद्दल तू खोटं बोलत नाहीस."

"उत्तम आहे," मी म्हणाले. "मघाशी गरम होती, म्हणून तसं दिसलं. मला ठाऊक होतं. मी मुद्दाम लावायला सांगितली."

"मुद्दाम? का गं?"

"तुम्हाला ती वाईट वाटावी म्हणून."

मिशीवाल्यानं आधी माझ्याकडे, मग यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "मी निघतो. घरी फ्रिजचं दार उघडंच राहिलं असेल." आणि गेला. चहाचा कप तसाच हातात घेऊन गेला.

"म्हणजे दुर्बीण चांगली आहे," यजमान सावकाश म्हणाले, "आणि तरी तुला जायचंय."

"हो."

"मग अजून काय कमी आहे ते सांग. मी—"

"काही कमी नाही हो!" मी ओरडलेच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. "सगळं आहे. मी म्हणायच्या आत असतं. मला इथे कोंडल्यासारखं होतं. तुम्ही काही वाईट केलं नाहीत, तुमच्यासारखा माणूस मिळायचा नाही, सगळं कबूल. तरी होतं. तुम्ही घराला आभाळ आणून लावलंत तरी मी जाणार."

"सगळं हातात मिळतं तेच खुपतंय हिला," सासूबाई म्हणाल्या. आयपीसवरचा डोळा त्यांनी काढला नव्हता, पण आवाज कापत होता. "लोक काय म्हणतील याचा विचार—"

"आई, थांब," हे म्हणाले.

ते मागच्या दाराच्या पायरीवर बसले. फ्रिज उघडून आत सगळं नीट असूनही तो चालत नाही, तेव्हा बसतात तसे. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं. गेले असते तर त्यांनी सरकून जागा करून दिली असती आणि मी त्या जागेवर कायमची बसले असते. मी जागची हलले नाही. फोन काढला आणि लावला. तिथेच, त्यांच्यासमोर.

"बोला," वेधशाळेच्या बाई म्हणाल्या. "मी तुमच्याच फोनची वाट बघत होते. येताय ना?"

"येतेय."

"छान. घरच्यांची परवानगी आहे ना? नंतर घोळ नको हं, मागच्या वेळी एकीचा तसाच झाला."

मी यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते.

"त्यांना सांगून झालंय," मी म्हणाले.

त्या आणखी दोनचार गोष्टी बोलल्या. मी हो, हो म्हणत गेले. फोन ठेवला तेव्हा सासूबाई नळी स्वतःच फिरवायचा प्रयत्न करत होत्या. शनी टाकीच्या आड चालला होता.

"काय म्हणाल्या?" यांनी विचारलं.

"थंडी फार असते. जाड कपडे आणा म्हणाल्या."

त्यांनी मागे वळून घरात बघितलं. मग म्हणाले, "तो तपकिरी स्वेटर कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. तुझा हात पोचायचा नाही. थांब, आणतो." आणि उठलेसुद्धा.

"नको," मी म्हणाले. "बसा तुम्ही. मी काढते."

ते उभेच राहिले, मग हळूच पुन्हा पायरीवर बसले. मी त्यांच्या बाजूनं आत गेले, स्टूल ओढलं आणि वर चढले.